अमोलच्या आईबरोबर तळ्यापर्यंत

डोंगरात चालायला जाणाऱ्या लोकांकडे किस्से कसे साठत जातात, याचं मला नेहमी नवल वाटतं. निघताना पाण्याची बाटली, चिक्की आणि रेनकोट घेऊन निघायचं. परत येईपर्यंत बाटली रिकामी, मोजे ओले आणि सांगायला दोन-चार गोष्टी जास्तीच्या. कोण घसरलं, कोणाचा डबा माकडाने नेला, कोणी सगळ्यांना भलत्याच पायवाटेने करवंदीच्या जाळीत नेऊन सोडलं. सोमवारी कामावर त्या सांगायच्या, लोक हसतात, आणि पुढच्या रविवारी नव्या तयार.

या वर्षात आमच्याकडे जे किस्से साठले ते बहुतेक एकाच माणसाचे आहेत. मी सांगायला लागले की लोक आधी हसतात. मग मध्येच कुठेतरी थांबतात आणि माझ्याकडे बघतात, आता हसायचं की नाही ते विचारल्यासारखं. मला तरी कुठे माहीत आहे?

आमचा ग्रुप चौघांचा. मी गंगापूर रोडला एका दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते. सचिन सर पेठच्या शाळेत शिकवतात, रोज नाशिकहून अप-डाऊन करतात. इम्रान मालेगावचा, घरचे लूम आहेत, पण हा इथे एसी दुरुस्तीची कामं करतो. आणि चौथा अमोल. फ्लेक्स छापायच्या दुकानात कामाला होता. कुठली बस कुठून सुटते, कुठल्या वाटेला पाणी आहे, हे सगळं त्यालाच माहीत. आम्ही तिघं नुसते त्याच्या मागे चालायचो.

मागच्या भाद्रपदात त्याला डेंग्यू झाला. आठवड्यात गेला. लग्नाचं बघत होते त्याच्या.

*

त्यानंतर काही महिने आम्ही कुठे गेलोच नाही. व्हॉट्सअॅपवरचा ग्रुपही गप्प. जानेवारीत कधीतरी इम्रानने लिहिलं, ‘अंजनेरी चलते क्या?’ आणि बाकीच्यांनी नुसते अंगठे टाकले.

रविवारी सकाळी सीबीएस बसस्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेत होतो. तिथे अमोलची आई उभी. अंगावर साधी साडी, पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी. आम्ही त्यांना दशक्रियेच्या दिवशी पाहिलेलं, त्यानंतर आत्ताच. अमोलचा फोन त्यांच्याकडेच होता आणि ग्रुपवरचा मेसेज त्यांनी त्यावर वाचला होता, हे नंतर कळलं.

“अमोल यायचा तो ग्रुप तुमचाच ना?” त्यांनी विचारलं.

इम्रान चहाचा ग्लास तसाच बाकावर ठेवून वाकला, पाया पडायला.

“पाया पडत बसू नको,” काकू म्हणाल्या. “बस निघंल.”

आणि त्या आमच्याआधी बसमध्ये चढल्या.

*

काकूंची मखमलाबादला पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून त्याच चालवतात. आयुष्यभर त्या मशीनच्या आवाजात बोलून बोलून त्यांचा आवाज एवढा मोठा झालाय की साधं ‘पाणी दे’ म्हटलं तरी भांडण लागल्यासारखं वाटतं.

अंजनेरीच्या वाटेवर माकडं फार. एरवी आम्ही काठ्या घेऊन जातो. त्या दिवशी काकू मला एवढंच म्हणाल्या, “मनीषा, तुझ्या बुटाची नाडी सुटली,” तर कठड्यावरची पाच-सहा माकडं झाडात पळाली.

सचिन सर अगदी हळूच म्हणाले, “काकू, जरा सावकाश बोललं तर...”

“सावकाशच तर बोलतेय मी,” काकू म्हणाल्या. समोरच्या कड्यावरून तेच परत ऐकू आलं.

वर पठारावर एक तळं आहे. तिथे आम्ही बसलो. वारा होता, पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. काकूंनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, “अमोल इथं काय करायचा?”

खरं सांगायचं तर अमोल तिथे काहीच करायचा नाही.

“बैठता था, काकू,” इम्रान म्हणाला. “त्या दगडावर. बसायचा.”

“नुसता?”

“नुसता.”

काकूंनी त्या दगडाकडे बघितलं. मग म्हणाल्या, “घरी तर एक मिनिट बसत नव्हता.”

*

त्यानंतर त्या दर रविवारी यायला लागल्या. या म्हणून कोणी बोलावलं नाही, नका येऊ म्हणायची तर कोणाची हिंमतच नव्हती. मी त्यांना बूट घ्यायला लावले. दुकानातल्या मुलाने विचारलं, “काकू, मॉर्निंग वॉकसाठी पाहिजेत का?” काकू म्हणाल्या, “नाय, डोंगरासाठी. घसरले तर तुला बघीन.” त्याने मुकाट्याने चांगले बूट काढून दिले.

चालायला त्या आमच्यापेक्षा बऱ्या. हळू चालायच्या, पण थांबायच्या नाहीत. डब्याच्या बाबतीत मात्र त्रास होता. कोणाचीही भाकरी बघितली की तुकडा मोडून बोटांत चोळून बघणार. सचिन सरांच्या शाळेतल्या शिपायाने एकदा पेठहून नागलीच्या भाकरी बांधून दिल्या होत्या, त्या सरांनी मोठ्या प्रेमाने पुढे केल्या. काकूंनी एक घास खाल्ला.

“भाकरी चांगली हाय,” त्या म्हणाल्या. “गिरणीवाल्याला म्हणावं, दगड झिजलाय, छिन्नीनं टाकी लाव त्याला.”

*

पण त्या का यायच्या, ते आम्हाला भंडारदऱ्याला कळलं.

तिथे अभयारण्यातून धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने एक वाट जाते. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि पाण्यात पलीकडचे डोंगर उलटे. दुपारी झाडाखाली बसलो असताना सचिन सर सहज म्हणाले, “काकू, अमोलने तुम्हाला या जागेबद्दल सांगितलं असेल ना? त्याची फार आवडती जागा.”

“सांगितलं असंल,” काकू म्हणाल्या.

मग पाण्याकडे बघतच त्यांनी सांगितलं. अमोल रविवारी संध्याकाळी घरी यायचा तो थेट गिरणीत. रविवारी गिऱ्हाईक जास्त. आंघोळ नाही, काही नाही, डब्यांच्या रांगेशेजारी स्टूल ओढायचा आणि त्यांना दिवसभराचं सांगत बसायचा. हात हलवून हलवून. कधी उठून उभा राहायचा, कोण कसं पडलं ते करून दाखवायचा.

“आणि मशीन चालू,” काकू म्हणाल्या. “मला एक शब्द ऐकायला यायचा नाय. मी आपली मान डोलवायचे. तो हसला की हसायचे. त्याला वाटायचं, आई ऐकतेय.”

“मग तुम्ही त्याला सांगितलं नाही कधी?” मी विचारलं.

“म्हटलं, गिरणी बंद झाली की विचारू. गिरणी बंद व्हायची तेव्हा तो झोपलेला असायचा.”

मग इम्रानने विचारलं, “काकू, तो रतनगडवर रस्ता चुकला होता, ते सांगू का?”

“सांग,” काकू म्हणाल्या. आणि जरा त्याच्याकडे सरकून बसल्या.

*

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. दर रविवारी चालायचं आणि दुपारी बसलो की काकूंना अमोलची एक गोष्ट सांगायची. त्या मध्ये बोलायच्या नाहीत, नुसतं “मग?” म्हणायच्या. अमोलने जळवांना घाबरून भर पावसात मिठाची पुडी डोक्यावर कशी रिकामी केली. अमोलने एका म्हशीला रस्ता विचारल्याचा व्हिडिओ कसा केला. अमोल गडावरच्या पाण्याच्या टाक्यात उतरताना कसा रडकुंडीला आला होता.

एकदा इम्रानकडचं सगळं संपलं. त्याने मग एक बिबट्या आणला. रात्री तंबूबाहेर बिबट्या, आत आम्ही तिघं थरथरतोय, आणि अमोल एकटा टॉर्च घेऊन बाहेर.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“हे खोटं हाय,” त्या म्हणाल्या. “एवढा शूर नव्हता तो. झुरळ निघालं तर मला हाक मारायचा.”

इम्रानचा चेहरा उतरला. काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “बाकी चांगली सांगितलीस,” त्या म्हणाल्या.

*

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी अमोल दुसऱ्या कोणाबरोबर उत्तराखंडला जाऊन आला होता. फुलांची दरी म्हणतात ते राष्ट्रीय उद्यान, आणि त्याच्या शेजारच्या डोंगरावरचं हेमकुंडचं सरोवर. आमच्यापैकी कोणाला तेव्हा सुट्टी मिळाली नव्हती. आम्ही फोटो पाहिले होते, पण फोटोत नुसतं धुकं होतं.

“तिथून आला त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ बोलला,” काकू म्हणाल्या. “दिवाळीचं दळण होतं. हातानं एवढं मोठं काहीतरी दाखवत होता. मग डोळं पुसलं त्यानं. मला वाटलं, पीठ गेलं डोळ्यात.”

काकूंनी आमच्या तिघांकडे बघितलं.

“तुम्हाला माहीत नाय ना काय झालं तिथं?”

“नाही, काकू.”

“मग जाऊन बघावं लागंल,” त्या म्हणाल्या.

*

घरच्यांनी अर्थातच नाही म्हटलं. काकूंचे दीर मुद्दाम आले, आम्हालाही बोलावून घेतलं. बिचारे वाईट नाहीत, त्यांना खरंच काळजी वाटत होती. म्हणाले, “वहिनी, अजून वर्षश्राद्ध व्हायचंय. असं कुठं फिरायला जातात का?”

“भाऊजी,” काकू म्हणाल्या, “मी काय लग्नाला चाललेय?”

पुढे विषय नाही. श्रावणात आम्ही नाशिकरोडहून गाडीत बसलो. गिरणी त्यांचा पुतण्या बघणार होता. त्याला त्यांनी फलाटावरून एवढ्या मोठ्याने सूचना दिल्या की दोन डबे पुढच्या माणसांनाही गव्हाचा दगड कधी फिरवायचा ते कळलं असेल.

*

गाडीत समोरच्या बर्थवर इंदूरकडच्या एक बाई होत्या. बोलक्या. त्यांनी आम्हाला शेव खायला दिली, मग आम्ही कोण कुठले ते विचारून घेतलं, आणि मग काकूंकडे वळल्या.

“आपके कितने बच्चे हैं, बहनजी?”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. सचिन सरांनी घाईघाईने काहीतरी दुसरं विचारायला तोंड उघडलं.

“एक,” काकू म्हणाल्या.

“बेटा?”

“बेटा.”

“क्या करता है?”

काकूंनी शेवेचा घास नीट चावून गिळला.

“फिरता है,” त्या म्हणाल्या.

“अच्छा, सेल्स में?” बाईंनी विचारलं.

काकूंनी मान डोलवली.

*

रेल्वेनंतर बसने पुलना गाव, आणि तिथून घांघरिया या मुक्कामाच्या गावापर्यंत चालत जायचं. वाट नदीच्या काठाने चढत जाते. अर्ध्यावर काकूंचा श्वास लागला. सचिन सरांनी एक खेचरवाला थांबवला. त्याने खेचर कठड्याशी उभं केलं, काकूंना वर कसं चढायचं ते दाखवलं. काकू खेचराच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. खेचराच्या मानेवरून घाम ओघळत होता.

“याला तरी कुठं हौस हाय चढायची?” काकू म्हणाल्या, आणि चालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी उद्यानात गेलो. फाटकावर नावं लिहिली, कागद घेतले. मग पूल, मग चढ, आणि मग एकदम ती दरी उघडते. दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, मध्ये ढग, आणि खाली नजर जाईल तिथपर्यंत फुलं. गुलाबी रंगाचं तर जंगलच. माझ्या कमरेपेक्षा उंच. लोक ठिकठिकाणी कॅमेरे लावून उभे होते.

काकूंनी एक फूल वाकवून बघितलं.

“हा तर तेरडा,” त्या म्हणाल्या. “तेरडा बघायला दोन रात्री रेल्वेत बसवलं होय मला?”

सचिन सरांनी मोबाईल काढला, शोधलं. खरंच तेरड्याच्या जातीचंच निघालं. इम्रान एवढा हसला की खाली बसला. काकूही हसल्या. त्यांना एवढं मोकळं हसताना मी तेव्हाच बघितलं.

मग उद्यानाचा एक रखवालदार धावत आला. त्याला वाटलं, त्या फूल तोडतायत. “माताजी, फूल तोड़ना मना है.”

काकूंनी फूल सोडलं. त्याला हिंदीत कसं सांगावं ते त्यांना सुचेना, म्हणून त्या माझ्याकडे बघून मराठीतच म्हणाल्या, “त्याला सांग, तोडत नव्हते. दर वर्षी गौरीला तेरडा अमोल आणायचा. यंदा आमच्या घरी गौरी बसायच्या नायत.”

मी त्याला एवढंच सांगितलं, “नहीं तोड़ेंगे, भैया.”

*

तिसऱ्या दिवशी हेमकुंडचं तळं. त्याच्या काठावर शिखांचा गुरुद्वारा आहे.

ती चढण वाईट आहे. सरळ उभीच. पहाटेच निघालो. काकू वीस-पंचवीस पावलं टाकायच्या, काठीवर रेलायच्या, परत चालायच्या. आजूबाजूने म्हातारे शीख लोक अनवाणी चढत होते, नाव घेत घेत. सचिन सरांनी ग्लुकोज, कापूर, सगळं बरोबर घेतलं होतं. मी मनातल्या मनात तयारी करत होते, त्या रडल्या तर काय करायचं, कुठे बसवायचं.

वर पोचलो तेव्हा सगळीकडे धुकं. गुरुद्वाऱ्याच्या मागे पायऱ्या उतरलं की पाणी. काळंभोर, थंड. पलीकडचा काठ दिसत नव्हता. मध्येच ढग जरा फाटायचा, एखाद्या डोंगराची कड दिसायची, परत मिटायचा.

“हेच का ते?” काकूंनी विचारलं.

“हो, काकू.”

त्यांनी बघितलं. आम्ही त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, हात पदराला पुसले.

“बरं,” त्या म्हणाल्या.

बस, एवढंच. मग लंगरमध्ये जाऊन आम्ही गरम खिचडी खाल्ली, चहा घेतला. काकूंनी खिचडी दोनदा घेतली. “चला,” त्या म्हणाल्या, “उतरायला उशीर नको.” इम्रान माझ्या कानात म्हणाला, “एवढ्या लांब आलो, आणि काहीच नाही झालं यार.” मलाही तसंच वाटत होतं. काकू पुढे निघूनही गेल्या होत्या.

*

आणि हा शेवटचा. हा मी फार कोणाला सांगितलेला नाही.

आम्ही निम्म्याच्या वर उतरलो होतो. एका वळणावर दगडावर एक बाई बसल्या होत्या. काकूंच्याच वयाच्या, निळा सलवार-कमीज, डोक्यावर पांढरी ओढणी, पायांत भिजलेले कापडी बूट. पंजाबकडच्या असाव्यात. बरोबरचं कोणी दिसत नव्हतं. रडत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, आता उठायचं नाही असं ठरवल्यासारख्या. लोक बाजूने जात होते.

काकू त्यांच्यासमोर थांबल्या. त्या बाईंनी मान वर केली आणि काहीतरी विचारलं. पंजाबीत. आम्ही जरा मागे होतो, आम्हाला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी वरच्या बाजूला हात केलेला मात्र दिसला.

काकूंनी खांद्याची पिशवी काढून माझ्या हातात दिली, बाईंचा हात धरला आणि त्यांना उठवलं. आणि दोघी वर चालायला लागल्या.

“काकू!” सचिन सर ओरडले. “अहो, परत कुठे? तुमचे गुडघे...”

“तुम्ही खाली चहाच्या दुकानात बसा,” काकू म्हणाल्या. इम्रान मागे निघाला, त्यालाही त्यांनी परतवलं. “तू नको. आम्ही दोघी जातो.”

आम्ही खालच्या टपरीत बसून राहिलो. पाऊस आला, गेला. वरून येणाऱ्या प्रत्येकाला इम्रान विचारत होता, निळ्या कपड्यातल्या एक आणि साडीतल्या एक दिसल्या का. दुपारनंतर वर कोणाला थांबू देत नाहीत, शेवटचे लोक उतरायला लागले. चहावाल्याने भांडी घासायला घेतली.

मग आम्हाला त्यांचा आवाज आला. दिसायच्या आधी आवाजच. दोघी एकमेकींचा हात धरून उतरत होत्या आणि दोघी एकदम बोलत होत्या, ती पंजाबीत आणि ह्या मराठीत. टपरीपाशी त्या बाईंचे घरचे लोक भेटले, खालून शोधत आलेले, काळजीने वेडे झालेले. जाताना बाईंनी काकूंचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग गेल्या. नाव, गाव, काही विचारायचं राहूनच गेलं.

काकू बाकावर बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. मी चहा दिला.

“काकू, तुम्हाला त्यांची भाषा कळत होती?” सचिन सरांनी विचारलं.

“नाय. पण हात वर केला होता ना तिनं.”

“मग परत वर कशाला गेलात?”

काकूंनी चहा संपवला, ग्लास बाकावर ठेवला.

“ती विचारत होती, वर कोणी हाय का,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, हाय.”